फोटोसारखा चेहरा

रविवारची सकाळ होती. हेडमास्तर व्हरांड्यात बसून 'खरं सौंदर्य मनाचं' या विषयावर शाळेसाठी भाषण लिहीत होते आणि आत त्यांचीच थोरली मुलगी त्यांच्याच हुकमावरून वरच्या ओठाशेजारचा मस पावडरीने झाकत होती. मस तो केवढा, तर हरभऱ्याच्या डाळीएवढा. जन्मापासूनचा. त्याने कुणाचं कधी काही बिघडवलं नव्हतं. तरी घरात त्याचं नाव कुणी घेत नसे; सगळे त्याला 'ते' म्हणत.

थोरली फोटो स्टुडिओत कामाला होती. गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावरचे फोड आणि डाग कॉम्प्युटरवर पुसून देणं हे तिचं रोजचं काम. स्थळाला फोटो पाठवायची वेळ आली तेव्हा हेडमास्तरांनी तिला सांगितलं होतं की तेवढं ते पुसून टाक, एवढं शिकलीस त्याचा उपयोग काय. तिने पुसलं. बापाला उलटून बोलायची त्या घरात सोय नव्हती. पण तो पुसलेला चेहरा बघताना तिला स्वतःचीच किळस आली होती.

फोटो पसंत पडला आणि आज मंडळी बघायला आली. मुलाच्या आईचं दोघी बहिणींनी आत जाऊन लगेच 'भिंगबाई' असं बारसं करून टाकलं. बाईंनी चहाला तोंड लावायच्या आधी थोरलीच्या हनुवटीला बोट लावून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं होतं. ज्याच्यासाठी हा बाजार भरला होता तो मुलगा मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता. त्या डोक्यावर केस विरळ होते आणि पोटावर शर्टाची बटणं ताणली होती, पण त्याला उजेडात धरायची कुणाची छाती नव्हती.

"हे फोटोत नव्हतं," भिंगबाई म्हणाल्या.

हेडमास्तरांना घाम फुटला. भिंगबाई मात्र समजूतदारपणाचा आव आणून म्हणाल्या की मुलगी बाकी चांगली आहे, फोटोसारखा चेहरा करून घ्या, मग पुढचं बोलू. लाज असलेल्या माणसाने खोट्या फोटोबद्दल माफी मागितली असती. हेडमास्तरांनी फोटो खरा करायचं ठरवलं.

सर्जनबाईंनी मस नीट तपासला. यात काही धोका नाही, काढला तर वण मात्र राहील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग थोरलीकडे बघून विचारलं, याचा तुला काही त्रास होतो का. तिने तोंड उघडायच्या आत हेडमास्तर म्हणाले, "होतो ना, फार होतो." ते एका अर्थी खोटंही नव्हतं. भूल दिली, मस कापला, टाके घातले. दुखलं असं नाही. पण घरी परत येताना आपला ओठ दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं तिला वाटत राहिलं.

कापलेला तुकडा रिवाजाप्रमाणे तपासणीला गेला आणि काहीही वावगं नाही असा निर्वाळा आला. हेडमास्तरांना आनंद मावेना. त्यांनी उत्साहाने भिंगबाईंना फोन लावला आणि मुलीचा मस काढलाय, शिवाय तपासूनही घेतलाय, असं वर सांगितलं. नको तिथे शहाणपणा दाखवायची त्यांची जुनी खोड होती.

टाके निघाल्यावर भिंगबाई एकट्याच आल्या. ओठाशेजारचा गुलाबी वण बघून त्यांनी नाक मुरडलं. तपासायला पाठवलं म्हणजे डॉक्टरला शंका असणारच, धडधाकट माणसाचं कोण कशाला तपासतं, असं त्यांचं म्हणणं. काढायला तुम्हीच सांगितलंत, असं हेडमास्तर चाचरत म्हणाले, तर आम्ही सहज बोललो होतो, तुम्ही लगेच सुरी घेऊन धावाल हे आम्हाला काय ठाऊक, हे उत्तर तयार होतं.

तेवढ्यात धाकटी चहाचे कप उचलायला आली. तिची कॉलेजची परीक्षा तोंडावर होती, हातावर शाई होती. भिंगबाईंनी तिला नखशिखान्त न्याहाळलं.

"हिचं बघता येईल. हिच्या अंगावर कुठे काही नाही ना? आधीच विचारलेलं बरं."

"पाठीवर एक आहे लहानसं," हेडमास्तर घाईघाईने म्हणाले. "पण ते काय, काढून घेऊ."

थोरलीने धाकटीच्या हातातले कप घेऊन खाली ठेवले. तिला राग आला होता, पण त्याहून जास्त शिसारी आली होती, समोरच्या बाईची आणि शेजारी बसलेल्या बापाचीही.

"बाई, तुम्ही उठा," ती शांतपणे म्हणाली. "माझी बहीण म्हणजे बटाटा नाही, डोळे काढून पातेल्यात टाकायला. आणि बाबा, तिला दवाखान्यात न्यायचं नाव काढलंत तर मी तिला घेऊन या घरातून जाईन. माझ्या पगारात दोघींचं भागेल."

भिंगबाई पुटपुटत निघून गेल्या. हेडमास्तरांनी बायकोकडे मोर्चा वळवला. तूच पोरींना डोक्यावर बसवलंस, जरासं कापून घेतलं तर जीव जातो का, लग्नासाठी बायका काय काय सोसतात, असं त्यांचं चालू झालं.

आई इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली आणि तिने कानामागचे केस बाजूला केले. जबड्याच्या कडेने खाली उतरणारा पांढरा वण मुलींनी शेकडो वेळा पाहिला होता. लहानपणी झोपाळ्यावरून पडले, असं आई सांगायची.

"पडले नव्हते," आई म्हणाली. "तुमच्या घरून बघायला येणार म्हणून माझ्या वडिलांनी इथला मस कापून घेतला होता. इतकी वर्षं तुमच्या समोर वावरतेय. हा वण तुम्हाला एकदा तरी दिसला का?"

हेडमास्तरांनी वण पाहिला. त्यांना खरोखरच तो कधी दिसला नव्हता. मुलीच्या तोंडावरची डाळीएवढी खोट मात्र त्यांना दोन खोल्यांपलीकडून दिसत असे.

"माझ्या धाकटीला कुणी हात लावणार नाही," आई म्हणाली आणि दोन्ही मुलींना घेऊन आत गेली.

मुली बघायला जाणाऱ्या आणि दाखवायला काढणाऱ्या सभ्य गृहस्थांनो, आज घरी गेलात की आपल्या बायकोला एवढंच विचारा: तुला माझ्यासाठी कुठे कापलं होतं?