दुकान बंद आहे, असं मी सांगत राहिलो

मित्रांनो, मी एका शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानाच्या वेबपानावरचा जुना मेटा टॅग आहे. मेटा टॅग म्हणजे पानाच्या डोक्यात लपवलेली ओळ. पान उघडणाऱ्याला मी दिसत नाही. पण नेटवर दुकान शोधलं, की नावाखाली जे वाक्य येतं ना, ते माझं. राबायचं आम्ही आणि मिरवायचं चित्रांनी!

मला दुकानवाल्या काकांच्या मुलीने लिहिलं. "कुठलंही शिलाई मशीन दुरुस्त करून मिळेल," एवढंच मी सांगायचो, आणि माणसं मशीन उचलून यायची. "पोरीने काम चोख केलंय हो," काका येईल त्याला सांगायचे. मग त्यांच्या हाताचं ऑपरेशन झालं. मुलीने माझं वाक्य बदललं: "दुकान बंद आहे."

हात बरा झाला, दुकान उघडलं. मुलगी मला बदलायला बसली, तर वेबसाइटी बनवणारे जावईबापू म्हणाले, "तू राहू दे, मी बघतो." त्यांनी स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे पानाला आपोआप पाळायचा हुकूम: पान उघडलं की नवा टॅग जोडायचा, "दुकान सुरू आहे." इथे आधी कोणी आहे का, हे त्या स्क्रिप्टने विचारलंच नाही. ती ज्या भाषेत लिहिली, त्या जावास्क्रिप्टमध्ये हे एका ओळीत विचारता येतं हो! पण यांना उंटावरून शेळ्या हाकायची सवय. नवा माझ्याखाली जाऊन बसला. शोधयंत्र वरून वाचत आलं, मला उचललं आणि चालू पडलं. मी तेच जुनं वाक्य सांगत राहिलो. दुसरं मला येत नव्हतं.

गिऱ्हाईक येईना. काका रिकाम्या दुकानात बसून मूठ उघडमीट करायचे. "माझा हात गेला, हे लोकांना कळलंय," ते काकूंना म्हणाले. जावईबापूंनीही मान हलवली, "आता दुरुस्त करतंय कोण, बाबा? नवीनच घेतात." शेवटी काकांनी हत्यारं विकली आणि किल्ली जागामालकाला दिली.

त्यानंतर एक जुनी शिंपीण काकूंना बाजारात भेटली. "अहो, नेटवर बंद दाखवतंय, म्हणून आले नाही मी! काकांसारखा हात आहे कुणाचा?"

घरी येऊन काकूंनी ते सांगितलं. तेव्हा कुठे जावईबापूंनी ती एक ओळ लिहून पानाला विचारलं. उत्तर आलं: टॅग दोन आहेत. त्यांचा चेहरा पडला. "बाबा, जुना लगेच काढतो."

"त्याला कशाला काढता?" काका म्हणाले. "आता खोटं तर नवा बोलतोय."

नवा गेला, मी राहिलो. मित्रांनो, कुठेही नवं जोडण्याआधी तिथे आधी कोण आहे, ते बघत जा. मी आता अगदी खरं बोलतो, आणि त्याचाच मला संताप येतो.