देन्सियोची नॉर्वेची गाडी

"बस झालं मिंडा. सोमवारपासून मी जाणार नाही," असं देन्सियो म्हणाला तेव्हा मी डुकराच्या शिजलेल्या डोक्याचं मांस खरवडत होते. आमच्या नागा शहरात किनालासचं सूप खपतं ते त्या खरवडलेल्या मांसावर, आणि माझी टपरी चालते ती मी पहाटे उठून ते खरवडते म्हणून. मी सुरी खाली ठेवली नाही. म्हटलं, "नको जाऊस. आठवडाभरात फुगून मरशील. शवपेटी जरा मोठी सांगावी लागेल, एवढंच."

तो म्हणाला, "चालेल."

असा माझा नवरा. जन्मभर नागा ते मागाराव जीपनी, म्हणजे माणसं कोंबून नेणारी लांबडी जीप, चालवली. उन्हात, धुरात, फेरी हुकेल म्हणून लघवी दाबून धरत, आणि तहान लागली की पाण्याऐवजी बाटलीतला थंड कोला. शेवटी मूत्रपिंडांनी हात टेकले. जीपनी विकली. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार त्याला डायलिसिसच्या खुर्चीत नेऊन बसवायचं, यंत्राला त्याचं रक्त धुऊ द्यायचं, अर्धा दिवस त्यात घालवायचा आणि मग चिपाड झालेला माणूस घरी आणायचा. न्यायचं मी, आणायचं मी. मुलगी कतारला. "ममा, पापांना सांभाळ," असं फोनवर म्हणायला तिचं काय जातंय.

तर "चालेल" म्हणाला आणि दाराशी जाऊन फोन घेऊन बसला. शेजाऱ्याच्या ट्रायसिकलचा, म्हणजे मोटरसायकलला जोडलेल्या रिक्षाचा, कार्बोरेटर बिघडला होता, त्याची दुरुस्ती कशी करतात ते इंटरनेटवर शोधत होता. बोट कुठेतरी भलतीकडेच पडलं आणि समोर आली नॉर्वेतली एक बस. तिकडच्या कुणा ड्रायव्हरने काचेवर कॅमेरा लावून आपली फेरी जशीच्या तशी टाकली होती. गाणं नाही, बडबड नाही. रस्ता, समुद्र, बर्फ, बोगदा, पुन्हा बर्फ. मला तर बघूनच कंटाळा आला.

देन्सियो मात्र हलेना. वळण आलं की त्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. मध्येच म्हणाला, "रस्त्यात एकही माणूस हात करत नाही. ह्याचं पोट भरतं कसं?" मग नेटचे पैसे संपले आणि बस बोगद्यात अडकली. तो फोन वर धरून, खिडकीबाहेर काढून, झटकून बघत राहिला.

"बोगद्याच्या पुढे काय आहे?" त्याने मला विचारलं.

"मला काय विचारतोस? माझं माहेर आहे का नॉर्वेला?" मी म्हटलं. आणि जरा थांबून, त्याच्याकडे न बघता म्हटलं, "डायलिसिसच्या खोलीत वायफाय फुकट आहे म्हणे."

सोमवारी तो माझ्या आधी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून उभा. स्वतःच्या जिवासाठी जो माणूस उठेना, तो एका बोगद्यासाठी उठला. तसं बोलून दाखवलं असतं तर परत बसला असता.

त्या खोलीत खुर्च्या दोन रांगांत, समोरासमोर. प्रत्येकाचा एक हात यंत्राला बांधलेला, एक मोकळा. देन्सियोच्या शेजारी मानाय सिदिंग असायच्या. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या बाई, सगळे त्यांना मानाय म्हणजे मोठ्या ताईच म्हणायचे, आणि जीभ अशी तिखट की डॉक्टरसुद्धा त्यांच्यापाशी आला की पाठ ताठ करायचा. समोर कुलास, मागारावच्या बाजारातला मासेवाला.

"देन्सियो," मानाय म्हणाल्या, "एकटाच काय बघत बसलायस? असलंतसलं असेल तर बंद कर, नसेल तर इकडे वळव."

त्याने फोन वळवला. कुलास मान लांब करून म्हणाला, "बस दिसतेय. पण आत माणसं कुठायत?"

"चौघं आहेत."

"चौघं? तू असतास तर आतापर्यंत छपरावरही बसवली असतीस."

सगळे हसले. मग नर्स जेराल्दीनने ती बस भिंतीवरच्या टीव्हीवर लावून दिली. एरवी तिथे दुपारची मालिका चालायची आणि त्यातल्या बायका रडून रडून आमचं डोकं उठवायच्या. आता भिंतभर नॉर्वे आला. बोगदा संपला, खाली निळंशार पाणी दिसलं, आणि एवढ्या दुखणाइतांच्या खोलीत सगळे एकदम गप्प झाले.

गप्प किती वेळ बसतील? मानायनी पर्समधून नाणं काढलं आणि मोकळ्या हाताने पलीकडे दिलं. "भाडं पुढे द्या." जीपनीत मागच्या माणसाचं भाडं ड्रायव्हरपर्यंत जातं तसं ते नाणं या हातातून त्या हातात, जेराल्दीनच्या हातून कुलासकडे, फिरत फिरत देन्सियोकडे आलं. देन्सियोने मागे वळून न बघता हात मागे केला, नाणं घेतलं आणि म्हणाला, "कुठून बसलात?"

"बर्फापासून."

"मग अजून थोडं द्या, मानाय. आणि सकाळच्या फेरीला मोठी नोट काढायची नाही, सुटे नाहीत माझ्याकडे."

मी बाहेर, पॅसेजमधल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून दारातून बघत होते. त्याचे दात दिसले. कित्येक महिन्यांत दिसले नव्हते. मला आनंद झाला, झाला म्हणजे झालाच. आणि रागही आला, खोटं कशाला बोलू. घरी मला "चालेल" आणि "नको" याच्यापलीकडे शब्द मिळत नाही आणि इथे परक्या लोकांत पठ्ठ्याच्या तोंडाचा पट्टा सुरू.

पण तेव्हापासून त्याला उठवावं लागलं नाही. दर खेपेला नवी गाडी असायची. एकदा कुलासने जपानची रेल्वे लावायला सांगितली तर देन्सियो रुसला. "रुळावरून काय कुणीही चालवेल. वळवायचं कुठे आहे त्याला?" मग पुन्हा बस. एका शुक्रवारी त्यांना फार लांबचा रस्ता सापडला, पार उत्तरेच्या टोकाच्या बंदरापर्यंत जाणारा. वेळ संपली, सुया निघाल्या, तरी बंदर आलं नाही. मानाय सिदिंग दंडावरची पट्टी दाबत म्हणाल्या, "सोमवारी इथूनच पुढे. मला बघितल्याशिवाय कुणी पुढे जायचं नाही."

रविवारी दुपारी मानाय जेवून आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत.

आम्हाला सोमवारी दारातच कळलं. देन्सियोने आत बघितलं, त्या रिकाम्या खुर्चीकडे, आणि मागे फिरला. मी दंड धरला तर झटकला. जेराल्दीन पायऱ्या उतरून मागे आली, हात जोडले तिने. हा थेट ट्रायसिकलमध्ये जाऊन बसला.

घरी मी आकाशपाताळ एक केलं. मुलीला फोनवर रडायला लावलं. काही उपयोग नाही. मंगळवारी त्याचे घोटे सुजले, दाबलं तर बोटाचा खड्डा तसाच राही. आडवं झालं की धाप लागायची, म्हणून भिंतीला टेकून बसायचा आणि त्याला धरून मी.

"कारण तरी सांग," मी म्हटलं.

बराच वेळ त्याने श्वास गोळा केला. "काल तिची खुर्ची मी बघितली. उद्या माझी कुलासने बघायची. मग कुलासची आणखी कुणी. रांगेत बसून वाट बघायची ती. मला नको ते."

त्याचं काही चुकत नव्हतं. पण त्याचं चुकत नव्हतं म्हणून मी त्याला मरू द्यायचं का?

बुधवारी सकाळी मानायच्या घरी अंत्यदर्शनाला गेलो. तिथे यायला मात्र तयार होता. पेटीच्या काचेवर हात ठेवून उभा राहिला, मग धापा टाकत खुर्चीत बसला. लोक पत्ते खेळत होते, शेंगदाणे फिरत होते, कॉफी होती. निघताना रिवाजाप्रमाणे दारापर्यंत सोडायला कुणी आलं नाही, आणि आम्हीही येतो म्हटलं नाही. बाहेर येऊन ट्रायसिकल केली.

मयताच्या घरून सरळ आपल्या घरी यायचं नसतं. मध्ये कुठेतरी थांबायचं, पगपग करायचं, म्हणजे पाठीशी आलेला जीव तिथेच राहतो. कुणी बेकरीत थांबतं, कुणी बाजारात. यात देन्सियो पक्का. जीपनी होती तेव्हा तर मयताहून आला की गाडीसुद्धा आधी पंपावर उभी करायचा. मी ट्रायसिकलवाल्याला डायलिसिसचा पत्ता सांगितला.

चार घरं गेल्यावर देन्सियोच्या लक्षात आलं. "मिंडा, शुद्धीवर आहेस का तू? आजारी माणसांत कुणी पगपग करतं?"

ट्रायसिकलवाल्यानेही गाडी हळू केली. "ताई, हे बरं नाही दिसत."

"तू पुढे बघून चालव," मी त्याला म्हटलं. आणि ह्याला म्हटलं, "मग कुठे थांबू? बेकरीत? तिला साखर चालत नव्हती. तिची खुर्ची तिथे आहे, तिची माणसं तिथे आहेत, तिथे बसू दे तिला. नाहीतर चल तसाच घरी, घेऊन चल तिला बरोबर. रोज तुझी नखं तपासेल."

त्याने दांडा धरून डोकं मागे टेकलं. धाप लागली होती म्हणून की पटलं म्हणून, मला आजही माहीत नाही.

आत गेलो तेव्हा सगळे खुर्च्यांत होते, हात बांधलेले. मानायच्या खुर्चीला नर्ससुद्धा वळसा घालूनच जात-येत होत्या. टीव्ही बंद होता. कुलास म्हणाला, "आलास? सोमवारपासून गाडी उभी आहे."

"मी फक्त पगपगसाठी आलोय," देन्सियो म्हणाला.

जेराल्दीनने त्याच्या पायांकडे बघितलं आणि त्याला काट्यावर उभं केलं, मग खुर्चीत बसवलं. सुई गेली. टीव्ही लागला. भाडं कुणी काढलं नाही. बस उतारावरून खाली गेली आणि बंदर आलं. बंदर कसलं, एक शेड, एक बाक आणि ढगाळ पाणी. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

"एवढंच?" कुलास म्हणाला.

"शेवटचा थांबा असाच असतो," देन्सियो म्हणाला. "आम्ही तिथे कॉफी पितो आणि गाडी फिरवतो."

मी दाराला टेकून उभी होते. डुलकी लागून डोकं चौकटीवर आपटलं. जेराल्दीन म्हणाली, "मानाय मिंडा, बसा हो कुठेतरी." रिकामी एकच खुर्ची होती. मेलेल्या माणसाच्या जागी इतक्यात बसू नये, कळतं मला. पण डोळे ऐकेनात. मनात म्हटलं, मानाय सिदिंग, जरा सरका. आणि बसले. त्यापुढचं काही आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा खोली रिकामी होत आली होती. देन्सियोच्या सुया निघाल्या होत्या. पॅसेजमधलं माझं स्टूल त्याने आत आणलं होतं आणि माझ्याशेजारी बसला होता, माझ्याकडे बघत.

"काय बघतोस?"

"तुला झोपलेली कधी बघितलीच नव्हती."

"कसा बघशील? आधी तूच घोरायला लागतोस."

तो हसला नाही. "तुझं तोंड उघडं पडलं होतं. हाक मारली तरी उठेनास. त्या खुर्चीत." त्याने स्टूल आणखी पुढे ओढलं. "मी घाबरलो, मिंडा. मला वाटलं, गेलीस. जेराल्दीनला ओरडून बोलावलं. तिने तुझी नाडी बघितली आणि म्हणाली, बाई दमलीय, झोपू दे."

मला रडू आलं. अडवलंही नाही. मी दमले आहे हे त्या घरात, त्या खोलीत, कतारच्या फोनवर, आजवर एकानेही म्हटलं नव्हतं.

"शुक्रवारी मी एकटा येईन," तो म्हणाला. "तू झोप."

माझा विश्वास बसला नाही. असल्या बाता पुष्कळ ऐकल्यात मी.

शुक्रवारी जाग आली तेव्हा ऊन पार गादीवर आलं होतं आणि शेजारी तो नव्हता. नको ते मनात आलं. केसही न विंचरता, चपला अडकवून, मिळेल त्या ट्रायसिकलने निघाले आणि डायलिसिसच्या दाराच्या काचेला नाक लावलं.

तो खुर्चीत होता. हात यंत्राला. मानायच्या खुर्चीत कुणी नवा म्हातारा बसवला होता. पहिलाच दिवस असणार, चेहरा पांढराफटक. देन्सियो त्याच्याकडे वाकून म्हणत होता, "मानोय दादा, सुईकडे नका बघू. समोर बघा. तुम्हाला कुठे जायचंय ते सांगा."

मी आत गेले नाही. घरी आले आणि होते तशी आडवी झाले. त्या दिवशी टपरी उघडली नाही. गिऱ्हाइकं दार वाजवून गेली असतील, मला काही ऐकू आलं नाही.