दगडी डोक्याला घाम

सायकल दुरुस्तीच्या दुकानामागच्या गोडाऊनपुढे सकाळपासून रांग. आत म्हणे तीन हजार वर्षांपूर्वीचा दगडी देव आणि त्याला चक्क घाम येतो! तो घाम कपाळाला लावला की रक्तदाबापासून रुसलेल्या जावयापर्यंत सगळं ताळ्यावर.

माझी आत्या रांगेत चौथी, हातात स्टीलचं फुलपात्र. दहा दिवसांपासून तिने रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. काल जिन्यात चक्कर येऊन मटकन बसली, तर म्हणे देव रोग बाहेर काढतोय. म्हणून मी तिच्याबरोबर गेले.

आत शिरले आणि मला हसूच फुटलं. लांबलचक नाक, पुढे आलेली हनुवटी, मख्ख चेहरा. हा देव मी मैत्रिणीला दिवसातून वीसदा पाठवते! तिने फालतू विनोद केला की मोबाइलमधला हाच दगडी चेहऱ्याचा इमोजी. कार्टूनमध्ये हा, टी-शर्टवर हा, गेममध्येही हाच.

देवाशेजारी बसलेले त्याचे पुजारी दगडबाबा सांगत होते, तपश्चर्येत देवाने धड सोडलं, डोकं तेवढं ठेवलं. मला राहवेना.

"बाबा, असले पुतळे दूरच्या एका बेटावर आहेत. त्यांना धड असतं, कित्येकांचं मातीत गाडलं गेलंय. चित्रात नुसतं डोकं दाखवतात. तुमच्या देवाने चित्र बघून धड सोडलं का?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. आत्याने मला चिमटा काढला. श्रद्धा नसलेल्यांना देव दिसत नाही, असं बाबांनी सुनावलं. दिसत नसेल तर ऐकू तरी येतो का बघावं, म्हणून मी देवाच्या गालावर टिचकी मारली. टण्ण! गाल गारठलेला, दगड कसला, रंगवलेला पत्रा. मागे जाऊन पाहिलं तर मानेला झाकण. उचललं तर आत बर्फ.

बाबा मुळीच डगमगले नाहीत. देवाला उकडतं, म्हणून ही सेवा, म्हणाले.

"मग बर्फाने घाम थांबायला हवा ना?"

त्यावर बाबांनी डोळे मिटून घेतले. मी बर्फाचे खडे आत्याच्या फुलपात्रात टाकले, बाहेरून ते ओढणीने कोरडं पुसलं आणि तिच्या हातात दिलं. रांग मोडून सगळे भोवती जमले. पाचेक मिनिटांत फुलपात्र थेंबांनी डवरलं. हवेतली वाफ गार धातूला लागली की तिचं पाणी होतं, एवढीच देवाची करामत.

आत्याचा चेहरा पडला. "एवढ्या लोकांत माझं हसं केलंस."

"हसं झालेलं चालेल गं. तुला काही झालेलं मला नाही चालणार."

ती फुलपात्र तिथेच ठेवून माझ्या खांद्याला धरून निघाली, ती थेट दवाखान्यात. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, भरपूर रागावले आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

तुम्हीही चमत्कार दिसला की हात लावून बघा, प्रश्न विचारा. देव असेल तर रागावणार नाही. रागावलाच, तर तो बाबा आहे.