शेवंतीचा शेवटचा थेंब

हेमंतातलं कोवळं, केशरी ऊन टेकडीवरून उतरलं, प्रयोगशाळेच्या काचांवर रेंगाळलं आणि शर्वाणीच्या रिकाम्या कुपीवर येऊन थांबलं.

कुपीत कालपर्यंत प्रतिपिंडाचा एक थेंब होता. शेवंती नावाच्या शुभ्र सशिणीच्या कानाच्या शिरेतून आलेला. चेतापेशींना मरणापासून राखणारं एक प्रथिन असतं. हजारोंच्या गर्दीतून तेवढंच ओळखणारा तो थेंब. शेवंती आता म्हातारी झाली होती. तिच्याकडून आणखी काही मागायचं नव्हतं.

शर्वाणीच्या औषधाने ते प्रथिन वाढतं का, एवढाच प्रश्न होता. त्यामागे सहा वर्षांचे श्रम होते, आणि घरी थोरला दादा होता, ज्याची बोटं आजाराने एकेक करून निजत चालली होती.

काल पेशींतली प्रथिनं उतरवलेलं तपासणीचं पटल तिने त्या थेंबाच्या द्रावणात भिजवलं, पण रेघ न उमटता ते कोरंच राहिलं. निःशब्द, निश्चल, निर्दय कोरं. वापरलेलं द्रावण ओतून द्यायला ती उठली, तेव्हा ससे सांभाळणारे लहानूकाका दारात उभे होते.

"ताई, वतू नका. जनावराचं देणं हाय ते. ऱ्हाऊ द्या फ्रीजमधी."

त्यांचा शब्द मोडवेना, म्हणून तिने ते ठेवलं.

आज बाटल्या आवरताना तिचा हात थबकला. सशाच्या थेंबाला चिकटून त्याची जागा दाखवणारं दुसरं प्रतिपिंड लागतं; काल तिने घेतलेलं मात्र उंदराच्या थेंबासाठीचं होतं. दोन्ही बाटल्यांची टोपणं निळीच. स्वतःच्या वेंधळेपणाचं तिला हसू आलं.

तिने फ्रीजमधलं द्रावण काढलं. नव्या पटलावर ओतलं, धुतलं, या वेळी सशाचीच बाटली उघडली, आणि वाट पाहिली. ऊन सरकत गेलं, सावली सरकत गेली, शर्वाणी जागची हलली नाही.

मग रेघ उमटली. बिनऔषधाच्या पेशींपुढे पुसट; औषधाच्या पेशींपुढे काळीभोर, काजळाच्या बोटासारखी.

कोथिंबिरीची जुडी घेऊन ती सशांच्या खोलीत धावली. "काका, तुम्ही नसता तर आज माझ्या हाती काहीच नसतं."

"म्या काय केलं? तिला सांगा."

शर्वाणी फरशीवर बसली. जुडी तिने शेवंतीपुढे धरली. शेवंती सावकाश, निवांत, पान पान खात राहिली. मावळतीचं ऊन तिच्या उभ्या कानातून आरपार गेलं, आणि त्या गुलाबी उजेडात एक शीर दिसली. बारीक, सरळ, जिवंत, एका रेघेएवढी.