खुणेच्या वर

...लाल रेघ आज खुणेच्या वर गेली होती. थर्मामीटर पाण्यातून ओढून त्याने तिरका धरून पुन्हा पाहिला — वर म्हणजे चांगली बोटभर वर. खूण वहिनीच्या नेलपॉलिशची, दादाने तिच्याकडून मागून घेऊन स्वतः लावलेली. हिवाळा सरताना पाणी इथवर तापलं की मासा खोल पाणी सोडून उथळात येतो, दुपारच्या उन्हाने काळा चिखल आधी तापतो म्हणून... हे सगळं ज्ञान दादाचंच. या धाकट्याचं स्वतःचं म्हणजे खिशातला फोन, आणि तो वाजत होता. दादाच.

"काय म्हणतंय पाणी?"

पायाशी बादलीत मासे शेपट्या आपटत होते. त्याने घाईघाईने बादलीवर पोतं टाकलं — जसं काही दादाला ऐकूच जाणार होतं! — आणि म्हणाला, "गारच आहे रे अजून."

"बरं. घाई नाही."

घाई नाही! हिवाळाभर खिडकीशी बसून या एका दिवसाची वाट पाहणारा माणूस म्हणतो, घाई नाही. दादाला अर्धांगाचा झटका आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं होतं, थंडीत पाण्यावर नको. तेव्हा गार म्हणणं खरंही होतं आणि मायेचंही. पण आता? थंडी गेली, डॉक्टरांनी हो म्हटलं, आणि याच्या तोंडून मात्र रोज तेच... का? दादाला धरून होडीत चढवायचा कंटाळा? छे, तेवढंच असतं तर बरं होतं. दादा होडीत आला की गळ कुठे टाकायचा ते दादा सांगणार, आणि हा पुन्हा धाकटा होणार. हिवाळाभर तो होडीत कुणाचाच धाकटा नव्हता, आणि ते त्याला आवडलं होतं. भाऊ घरात अडकून पडलेला असताना आवडलं होतं! लाज वाटायला हवी मेल्या, लाज...

मासे त्याने धक्क्यावरच बर्फवाल्याच्या हवाली केले, हात साबणाने खसाखसा धुतले आणि दादाकडे गेला.

दादा खुर्चीत रबरी बूट घालून बसला होता. "सवय करतोय," तो ओशाळून हसला. "तो थर्मामीटर दे बघू. बिघडला असेल, माझ्यासारखा."

आयतं निमित्त. "असेल," हा म्हणाला.

दादाने थर्मामीटर पेल्यातल्या गार पाण्यात बुडवला. रेघ खाली उतरली. मग धडधाकट हाताच्या मुठीत धरला. रेघ सावकाश चढली, खुणेशी आली, खूण ओलांडून गेली. दोघेही पाहत होते. ओरड ना, हा मनात म्हणाला, शिव्या घाल, लहानपणी घालायचास तशा...

"चालतोय की चांगला," दादा म्हणाला. शर्टाला पुसून त्याने तो परत दिला. "म्हणजे पाणीच गार आहे."

आणि वाकून, एका हाताने, तो बूट काढायला लागला.

कळलंय दादाला? की खरंच विश्वास आहे? यातलं जास्त वाईट कुठलं, ते ठरेना. हा खाली बसला, दादाचा दुसरा बूट ओढू लागला. आतला पाय घामेजला होता; दादा केव्हापासून घालून बसला होता कोण जाणे.

"दादा..."

"हं?"

दादाने आता दरडावून विचारावं, आणि आपण धाकट्यासारखं रडत सगळं सांगून टाकावं, असं त्याला फार फार वाटलं... पण दादा काही विचारत नव्हता.