तय्यबच्या नावाचा दिवा

“पाण्यातून बिजली जाते म्हनून राह्यला तू, आन् मी खरं मानू?” वाती वळताना हाजराबीनं थोरल्या लेकाकडं, इस्माईलकडं, मान वर करूनही पाहिलं नाही.

शब-ए-बरातची संध्याकाळ होती. मंगरूळपीरच्या दोरवाल्यांच्या गल्लीत घरोघर आपापल्या मेलेल्या माणसांच्या नावानं पणत्या भरल्या जात होत्या. हाजराबीच्या सुपात एकच पणती होती, नवऱ्याची. धाकट्या तय्यबची ती भरू देत नव्हती, हे तिसरं वर्ष. जित्या पोराच्या नावानं दिवा लावायला ती काय वेडी होती?

इस्माईल आणि तय्यब, दोघं भाऊ कोकणच्या किनाऱ्यावर कामाला गेले होते. समुद्रातल्या खडकावर दीपगृह होतं. त्याला वीज द्यायची म्हणून बोटीतून जाड तार तळाशी सोडायची होती, आणि तारेच्या जोडांवर डांबरात भिजवलेली सुतळी गुंडाळायला दोरवाले हवे होते. गेले दोघं, परत आला एकटा इस्माईल. ‘बुडाला’ एवढंच त्यानं सांगितलं आणि तिथंच सगळं अडलं. कारण अंगणातल्या विहिरीत तय्यब मासोळीसारखा पोहायचा. साऱ्या गल्लीनं पाहिलेलं होतं ते.

शेजारचे माळी गुलाबराव वांग्यांची पाटी उतरवून ओसरीवर टेकले होते. त्यांना राहवलं नाही. “अरे बापा, आपल्या गावात अजून घासलेटचा कंदील, आन् तू सांगतं समुद्रात बिजली! बुढीनं मानावं तरी कसं? कुठी नोकरीले ठेवून आला असशीन त्याले.”

इस्माईलचं डोकंच फिरलं. इतकी वर्षं आईच्या जिवासाठी दाबून ठेवलेलं एकदम तोंडाबाहेर पडलं.

“तारेच्या वेटोळ्यात पाय अडकला त्याचा! तार धावून राह्यली होती बोटीवरून खाली. गेला तिच्यासंगं तळाशी. पोहतो काय, कप्पाळ!”

हाजराबीचा हात थांबला. “मंग तार वर ओढाले पायजे होती.”

“पाया पडलो मी गोऱ्या साहेबाच्या. थो म्हने, ओढली तं तुटते, सारं काम वाया जाते. सोडा पुढं.”

“आन् सोडली?”

“सोडली, अम्मा.”

गुलाबरावांनी पागोट्याचा शेव तोंडाला लावला. आपण हे काय बोलून बसलो, असं त्यांना झालं. पाटी उचलून जाण्याचंही त्यांना सुचेना.

हाजराबीनं हातातली वात सुपात ठेवली आणि विचारलं, “लागला का थो दिवा?”

“लागला. निघालो त्या दिवशी किनाऱ्यावरून पाह्यला मी. रोज लागते.”

ती उठली. दुसरी पणती आणून तिनं तेल घातलं. कबर तर नव्हतीच, म्हणून विहिरीच्या काठावर नेऊन ठेवली. वारा सुटला होता. वात पेट धरायची आणि विझायची. इस्माईलनं ओंजळीचा आडोसा धरला, पुन्हा काडी ओढली.

“राहू दे,” हाजराबी म्हणाली. “तिकडं लागला असन आता.”