मालकाचं नाव

कुंकू मी वसमतच्या स्टेशनावर लावलं, भिंतीकडे तोंड करून. पुडी आईनेच बांधून दिली होती. "पाप लागलं तर मला लागू दे," ती म्हणाली, "पर एकट्या बाईचं कपाळ मोकळं दिसलं की लोकांची नजर फिरती." सोबत यायचा भाऊ तापाने फणफणला होता आणि परवा अकोल्याच्या दवाखान्यात हजर झाले नाही, तर नर्सिंग शिकायची माझी जागा जाणार होती. लग्न झालं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पुढच्याच साली तो मुलगा पटकीने गेला. सासर मी पाहिलंही नाही. आमच्या घराण्यात विधवेचा पाट लावत नसत, आणि जन्मभर माजघरात बसून वाती वळायची मला मुळीच हौस नव्हती.

हिंगोलीला गाडी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. वाशीमची मोटार सकाळी सुटायची. धर्मशाळेच्या दारात राखणदार सोनाजी पान चघळत बसला होता.

"एकट्याच?"

"मालक मागून येऊन राहिलेत," मी आईने पढवलेलं म्हटलं.

"नाव काय त्यांचं?"

"माणिकराव व्यंकटराव," शाळेत हजेरी द्यावी तसं मी फाडकन सांगून टाकलं.

सोनाजी चघळायचा थांबला. मग हसला. काय चुकलं ते मला कळेना. खोलीकडे जाताना डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडची बाई नवऱ्याचं नाव घेते कधी? सणावाराला उखाण्यात घेईल तेवढंच. एरवी कुणी विचारलं तर पदर तोंडावर ओढते, नाहीतर शेजारच्या पोराला सांगायला लावते. हे संसारात शिकायचं असतं. मी संसार केलाच कुठे होता!

खोली पार टोकाला, विहिरीमागे होती. दाराला आतून कडी नव्हती.

"दुसरी खोली द्या."

"दुसरी न्हाई. अन् कडी काहून पायजे? मालक येऊन राहिलेत ना?" त्याने कंदील वर करून मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "न्हाईच आले, तर मी हाय. रातच्याला येऊन बघून जाईन."

ओरडायचीही चोरी. विधवेने कुंकू लावलंय हे कळलं, तर धर्मशाळेतल्या बायाच मला रस्त्यावर काढतील. तरी मी वळकटी उचलली आणि अंगणात आले.

तिथे दोन चुली पेटल्या होत्या. एकीपाशी पुसेगावच्या गोजरबाई भाकरी थापत होत्या आणि शेजारी त्यांचा म्हातारा तंबाखू मळत होता. दुसरीपाशी तांड्यावरची धुरपताबाई लेकराला पाजत होती, जवळ तिची नवी जाऊ. ही नावं मला मागाहून कळली.

"मावशी, माझ्या खोलीला कडी न्हाई. तुमच्यापाशी निजू का?"

गोजरबाई काही बोलायच्या आत सोनाजी मागे येऊन उभा राहिला. "हिला जवळ घेऊ नका, बायांनो! हिला मालकबिलक कोनी न्हाई. नवऱ्याचं नाव विचारलं तर फाडकन सांगितलं. घरंदाज बाई असं नाव घेती का? कोन कुठली, काय म्हाईत!"

भाकरीचा आवाज थांबला. गोजरबाईंनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. कुंकू नवख्या हाताचं, वाकडं, घामाने ओघळलेलं. त्या बघतच राहिल्या. आता संपलं, असं मला वाटलं. या माणसापुढे रडायचं नाही, एवढाच हट्ट उरला होता.

गोजरबाईंनी हाताचं पीठ झटकलं.

"रामकिशन," त्या मोठ्याने म्हणाल्या.

म्हाताऱ्याच्या हातची तंबाखू सांडली.

"माझ्या मालकाचं नाव रामकिशन. घेतलं मी. आता मलाबी भाईर काढतोस का?"

सोनाजी तोंड उघडणार, तेवढ्यात धुरपताबाई लेकरावरचा पदर सारखा करत म्हणाली, "माझा धर्मसिंग." तिच्या जावेने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि बोटांच्या फटीतून म्हणाली, "गुलाबचंद."

म्हातारा काठी टेकत उठला. "लगीन झाल्यापून पैल्यांदा हिच्या तोंडून माझं नाव ऐकलं," तो सोनाजीला म्हणाला. "आता ती कडी कुठं गेली, तेवढं मला दाव." सोनाजी कंदील घेऊन सटकला, तो पुन्हा काही अंगणात फिरकला नाही.

गोजरबाईंनी माझं अंथरूण भिंतीकडे घालायला लावलं आणि स्वतः अलीकडे आडव्या झाल्या. मग हळूच विचारलं, "लहानपनीच गेला का गं?"

मी मान हलवली. आता या बोलतील म्हणून अंग चोरून पडून राहिले.

त्यांनी पदराच्या टोकाने माझ्या कपाळावरचा ओघळ पुसला. "वाकडं लावलंस," त्या म्हणाल्या. "पुडी जपून ठेव. सकाळी मोटारीत बसायच्या आधी मी नीट लावून देते."